चित्र नको, नुसता आवाज

बाबांनी काम सांगितलं तेव्हा थोरली मनातून खूशच झाली. एरवी तिच्या नोकरीबद्दल त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला, स्टुडिओत बसून लोकांचे आवाज साफ करणं हेही एक काम असतं, हे काही केल्या पटत नसे. आज मात्र ते स्वतः जुनी हार्डडिस्क घेऊन तिच्या टेबलाशी आले. घरचे सगळे व्हिडिओ त्या डिस्कमध्ये होते. चित्र नको, नुसता आवाज काढून दे, म्हणाले. घर फार गप्प झालंय.

घर गप्प झालं होतं ते आई गेल्यापासून. आणि कमाल बघा, त्या बाईच्या हौसेपायी एवढे व्हिडिओ जमले, पण ती स्वतः एकातही नव्हती. कॅमेरा दुसऱ्या कुणाच्या हाती देईल तर शपथ! थोरलीला त्याची फार रुखरुख होती.

बाबांची अट एकच होती, त्यातलं काही कमी व्हायला नको. थोरलीने समजावलं की व्हिडिओ होतानाच थोडा आवाज दाबला जातो आणि गेलेला परत येत नाही. पण फ्लॅक नावाच्या फाइलमध्ये काढला की आहे त्यातला कणही यापुढे जात नाही. घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखा, उलगडला की तेवढाच्या तेवढा.

"यापुढे जायला नको," बाबा म्हणाले. "एवढंच."

तिने सगळ्या फ्लॅक फाइली काढून एका फोल्डरमध्ये ठेवल्या. तिथेच थांबली असती तर बरं झालं असतं. पण हात शिवशिवत होते, आणि बाबांना एकदा आपली करामत दाखवायचीच होती. तिने कॉप्या करून साफसफाई आरंभली. पंख्याची घरघर काढली, शेजारच्या कुत्र्याचं तोंड बंद केलं. मग धंद्यातला नेहमीचा रिवाज: कॅमेरा धरणाऱ्याची बडबड उडवायची. तो माइकच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे पडद्यावर त्याच्या आवाजाच्या लाटा सगळ्यांत उंच दिसतात. ऐकत बसायची गरजच नसते. थोरलीने उंच लाटा नजरेने हेरल्या आणि भराभर छाटून टाकल्या.

संध्याकाळी बाबांच्या खुर्चीजवळ स्पीकर लावला. धाकट्याने अडखळत म्हटलेली कविता, मामाचं खोकणं, खुर्च्या सरकल्याचा आवाज, सगळं कसं लख्ख. बाबा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले. थोरली शाबासकीची वाट बघत होती.

"छान झालंय," ते म्हणाले. "पण तुझी आई कुठे आहे?"

"बाबा, आई कुठल्याच व्हिडिओत नाही. ती तर कॅमेऱ्यामागे..."

बोलता बोलताच तिच्या ध्यानात आलं. एवढा तयार कान घेऊन मिरवणारी पोर, आणि आईलाच कात्री लावून बसली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने लॅपटॉप ओढला आणि न छाटलेल्या फाइलींचा फोल्डर उघडला. त्यातली एक फाइल लावली.

आधी पंखा घरघरला, कुत्रा भुंकला. आणि मग स्पीकर थरथरेल एवढ्या खणखणीत आवाजात आई बोलली, "अहो, जरा डावीकडे सरका. पोरं झाकली जातायत तुमच्यामागे."

बाबांचे डोळे मिटलेले होते. ते खुर्चीतल्या खुर्चीत चटकन सरकले. उजवीकडे. इतकी वर्षं बस चालवली, पण बायकोने हुकूम सोडला की त्यांचं डावं-उजवं हमखास चुकायचं.

"डावीकडे म्हटलं मी," आई म्हणाली. "तुमचं डावं."

बाबा निमूटपणे डावीकडे सरकले.