मालकीणबाईंचा पत्ता

“काल एक जण घरी आला होता. हिला भेटायचंय म्हणाला.”

रुग्णालयाच्या वाहनतळावर शिंपीकाका स्कूटरच्या सीटवर हात ठेवून उभे होते. परिचारिकेच्या हातातली किल्ली तशीच राहिली. काकांची ‘ही’ जाऊन वर्ष उलटले होते. तिची स्कूटर परिचारिकेने विकत घेतली होती. मात्र ती स्वतःच्या नावावर करून घेणे राहूनच गेले होते.

“कोण होता?”

“काय माहीत. दारातूनच हिचं नाव घेऊन ओरडला. क्षणभर बरं वाटलं बघ. तिला हाक मारणारं आता आहे कोण? मग म्हणाला, बाहेर काढ तिला, माझ्या भावाला मारलंय तिनं.”

गेल्या आठवड्यात अतिदक्षता विभागात परिचारिकेच्या पाळीत एक तरुण दगावला होता. “तुझ्या गाडीचा नंबर टिपलाय मी,” असे त्याचा भाऊ तिला म्हणाला होता. मोबाइलवर क्रमांक टाकला की मालकाचे नाव आणि पत्ता दिसतो, हे तिला ठाऊक होते. त्या रात्री तिने दाराला आतून खुर्ची लावली. मग गाडी अजून आपल्या नावावर नाही हे आठवले आणि तिला हायसे वाटले. नोंदीतल्या त्या पत्त्यावरही कुणीतरी दार उघडत असेल, हा विचार तिने मनात येऊ दिला नव्हता.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“भिंतीवरचा फोटो दाखवला. म्हटलं, ही बघ, नेतोस का? तर म्हणे, मग तिची गाडी फिरवतं कोण?”

“आणि?”

“एक टाका उसवला की सगळी शिवण जाते, पोरी. तोंडच शिवून घेतलं.” ते हसले. “पुन्हा येतो म्हणालाय.”

“पोलिसांत तक्रार देते आजच. आणि उद्या गाडी माझ्या नावावर करू.”

“वेडी का काय? घरात लेक आहे तुझी. राहू दे हिच्याच नावावर. मेलेल्या माणसाचं काय वाकडं करणार तो?”

“तुम्ही आहात ना अजून, काका.”

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालयात काकांनी सह्या केल्या. पत्नीच्या नावावरून त्यांनी अंगठा हळूच फिरवला आणि कागद पुढे सरकवला.

“माझा पत्ता कुणाला दिसणार नाही, असं करता येतं का?” परिचारिकेने कारकुनाला विचारले.

“वेगळा अर्ज द्या, वर पाठवतो. मंजूर होईपर्यंत दिसणारच.” त्याने कळफलकावर बोटे ठेवली. “हं, सांगा पत्ता. जरा मोठ्यानं, काच आहे मध्ये.”

तिने मागे पाहिले. रांगेत सगळे अनोळखी होते. एकाने तर डोक्यावरचे हेल्मेटही काढले नव्हते.

“अहो बाई, पत्ताच द्यायचाय, जेवायला नाही बोलवायचं,” मागून कुणीतरी म्हणाले.

ती काचेच्या फटीशी वाकली आणि सांगू लागली. इतक्यात काकांना खोकल्याची उबळ आली. कमरेत वाकून, छाती धरून ते असे खोकले, की रांग दोन पावले मागे सरकली.

“काही ऐकू आलं नाही,” कारकून वैतागून म्हणाला. “पुन्हा सांगा.”

काकांनी डोळे पुसले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि काका पुन्हा खोकू लागले.