कागदावरची चीर

मी धनुष्य बोलतोय. शिलाई मशीन दुरुस्तीच्या दुकानात, मशीनच्या पट्ट्यांशेजारच्या खिळ्यावर लटकलोय. राजेरजवाड्यांच्या गोष्टी माझ्याकडे नाहीत. धातूची मूठ, दोन पाती आणि एक दोरी, एवढाच माझा संसार.

तिरंदाजीच्या एका क्लबने मला जुनं म्हणून काढून टाकलं, तेव्हा मी या घरात आलो. घरात दोन मुली, थोरली आणि धाकटी; दुकान त्यांच्या बाबांचं. त्यांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, “हेही मशीनच की. नीट जुळवलं की चालणार.”

थोरली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिने मला पहिल्यांदा उचललं आणि माझी मूठ तिच्या डाव्या तळहातात अशी बसली, की मला आपलं माणूस मिळालं.

मला जुळवायची रीत साधी आहे. चौकटीवर रद्दीचा कागद ताणायचा आणि चार पावलांवरून त्यातून बाण सोडायचा. बाण सरळ गेला तर गोल भोक पडतं, भोवती पिसांच्या खुणा. बाणाची शेपटी हलली तर चीर पडते. चीर उभी असेल तर दोरीवरची बाण अडकवायची जागा वरखाली करायची. आडवी असेल तर बाण टेकतो तिथल्या बटणाची स्प्रिंग कमीजास्त करायची. बाबांना याचं वेडच लागलं. जेवायला हाका मारून मारून आई थकायची. चांगला असो वा फाटका, प्रत्येक कागदावर तारीख टाकून ते तो खिळ्याला अडकवत.

तीन वर्षं बाण छान गेले. मग मोठ्या निवड चाचणीची तयारी सुरू झाली, दिवसाला तीनशे बाण. आणि एक दिवस आडवी चीर आली.

कारण मला ठाऊक होतं. थोरलीचा डावा खांदा दुखत होता. दोरी ओढली की तो आत दबायचा आणि माझी मूठ तिच्या हातात केसभर फिरायची. मला तोंड नाही. ती चीरच माझं बोलणं होतं.

“स्प्रिंग ढिली झालीय,” बाबा म्हणाले आणि त्यांनी अर्धा फेरा आवळला. चीर मिटली. पंधरा दिवसांत परत आली.

“बाबा, मला जरा...” थोरलीने सुरुवात केली.

“थांब गं, मध्ये बोलू नकोस. सापडलाच बघ दोष.”

ते इतके खुशीत होते, की त्यावर विरजण घालणं तिच्या जिवावर आलं. तिने पुढचा बाण लावला.

शेवटी त्यांनी मला असं जुळवलं, की वाकड्या हातातूनही बाण सरळ जावा. कारागिरी अव्वल होती, उगाच नावं का ठेवू? पण कागदावर गोल भोक पडत होतं आणि तिचा खांदा आतून उसवत होता. त्या भोकांची मला अजून लाज वाटते.

चाचणीत चाळिसाव्या बाणाला मी तिच्या हातून गवतावर पडलो. “बाबा,” ती म्हणाली, “हात उचलतच नाहीये.”

ऑपरेशननंतरही तो हात खांद्याच्या वर जात नाही. तिची वेणी आता आई घालते.

एका दुपारी आई दुकानात आली. “आठ महिने दुखत होतं म्हणे तिला. डॉक्टरांना सांगितलं तिने.” बाबांनी खिळ्यावरचा गठ्ठा काढला आणि एकेक कागद मागे टाकत गेले. पहिली आडवी चीर चाचणीच्या आठ महिने आधीचीच निघाली. तो कागद हातात धरून ते संध्याकाळपर्यंत बसून होते.

गेल्या रविवारी धाकटीने मला खाली काढलं. ती आता मला पेलते. बाबांनी कागद ताणला. आडवी चीर पडली. त्यांनी पाना उचलला आणि परत ठेवला.

“खांदा दुखतोय का गं?”

“नाही, बाबा.”

“खरं सांग. अजिबात नाही?”

ते तिसऱ्यांदा विचारणार, तेवढ्यात बाकावरून थोरली म्हणाली, “तिचा हात चांगला आहे, बाबा. धनुष्य माझ्यासाठी जुळवलंय ना, म्हणून.”

बाबांनी पाना पुन्हा उचलला. अर्धा अर्धा फेरा करत त्यांनी स्प्रिंग सोडली. थोरलीच्या हाताची माझ्यात उरलेली खूणही गेली.

माझं एवढंच मागणं आहे, मला हात लावण्याआधी मला धरणाऱ्या हाताला विचारा.

धाकटीने पुन्हा बाण सोडला. गोल भोक पडलं. त्या कागदावर कुणी तारीख टाकली नाही.