दोघांनी घ्यायचं औषध

तिसऱ्यांदा तीच खाज आणि तोच वास सुरू झाला, तेव्हा काचवालीला ना रडू आलं ना राग. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासायची. नावानं तिला कुणी हाक मारत नसे, सगळ्या बाजारपेठेला ती काचवालीच. मशीनवरची काच तिनं पूर्ण केली, पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि मालकाला म्हणाली, "डॉक्टरीणबाईंकडे जाऊन येते. तासभर लागेल."

"परत डोकं दुखतंय का?"

"हो," ती म्हणाली. डोकंच बरं, त्याला कुणी नावं ठेवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हात धुतले आणि जुना कागद काढला. "दोन्ही वेळा मी दोघांची औषधं लिहून दिली होती. नवऱ्यानं घेतली?"

"नाही."

"का?"

"म्हणतात, मला काहीच होत नाही, तर मी कशाला खाऊ."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, हा जंतू संबंधांतूनच एकाकडून दुसऱ्याकडे जातो. बायकांमध्ये सर्रास आढळतो आणि गोळ्यांनी पार बराही होतो. पुरुषाला मात्र बहुतेक वेळा पत्ताच लागत नाही. तुम्ही सात दिवस गोळ्या खाऊन बऱ्या होता आणि पुन्हा त्यांच्याकडूनच घेता. असं आणखी दहा वर्षं चालेल."

काचवालीनं मान हलवली. हा कुठून आला, हे तिनं पहिल्याच वेळी विचारलं होतं. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, तपासणीत ते कळत नाही, महिनोन्महिने तो गुपचूप पडून असतो. मग त्यांनी हळूच विचारलं होतं, "तुमच्या आयुष्यात दुसरं कुणी?" ती नाही म्हणाली होती. त्यावर बाईंनी दोघांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. भला माणूस म्हणून त्याचा लौकिक. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की दाराच्या फटीतून विनोद सांगून त्यांना हसवत ठेवायचा. पहिल्यांदा गोळ्या पुढे केल्या तेव्हा तो म्हणाला होता, "आधी तुझ्या दुकानातला संडास बघ कसा आहे तो." दुसऱ्यांदा म्हणाला, "झालंय कुणाला? तुला. मग आणलं कुणी?" तेव्हापासून तिच्या आत काहीतरी बंद पडलं होतं. ती भांडी घासायची, कपडे वाळत घालायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची. आतून मात्र सगळं भूल दिलेल्या हिरडीसारखं.

त्या दिवशी ती घरी येऊन मोरीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. सासूबाईंनी दार वाजवलं. बाहेर आली तर तिच्या पर्समधली गोळ्यांची पाकिटं सासूबाईंच्या हातात होती.

"ही कितवी वेळ?"

"तिसरी."

"मला वाटायचं, तू पाणी कमी पितेस." सासूबाईंनी पाकिटावरची चिठ्ठी दूर धरून वाचली. "ह्या पाच त्याच्या?"

"हो. एकदम घ्यायच्या आहेत. घेत नाहीत ते."

सासूबाई स्टुलावर बसल्या. "ह्याच्या बापानं मला असंच काहीतरी दिलं होतं. आठ वर्षं सोसलं. औषध असतं, हेसुद्धा कुणी सांगितलं नाही." एवढंच बोलून त्या उठल्या आणि जेवायच्या तयारीला लागल्या.

नवरा आला, हातपाय धुऊन ताटावर बसला. सासूबाईंनी ताटाशेजारी पाच गोळ्या मांडल्या आणि पाण्याचा पेला ठेवला.

"हे काय आता?"

"गिळ."

"आई, तुला काय कळतंय ह्यातलं? तिनं कान भरले वाटतं तुझे."

"तिच्या तोंडाला तर कुलूप आहे वर्षभर. चिठ्ठी मी वाचली. गिळ म्हणते ना."

सासूबाई पस्तीस वर्षं शाळेत शिपाई होत्या. जंतांच्या गोळ्या वाटायच्या दिवशी जिभेखाली गोळी लपवणारी पोरं त्या नुसत्या चेहऱ्यावरून ओळखायच्या. त्या ताटासमोरून हलल्या नाहीत. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, ती पाणी भरत होती. त्यानं एकेक करून पाचही घेतल्या.

"तोंड उघड. जीभ वर कर."

चाळिशीच्या माणसानं जीभ वर केली. दुसरी कुणी असती तर तिला हसू फुटलं असतं. काचवालीनं पेला उचलून धुतला.

"विचार त्याला काय विचारायचंय ते," सासूबाई म्हणाल्या. "मी आहे इथे."

नवऱ्याची मान खाली गेली. "एकदाच झालं होतं," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तिकडे कामाला गेलो होतो, तेव्हा..."

"राहू दे," ती म्हणाली. "जेवण निवतंय."

तिला खरंच ऐकायचं नव्हतं. कोण, कधी, कशी दिसते, ह्यातलं काही कळून अंगातला जडपणा हलणार नव्हता. त्या रात्रीपासून तिनं आपली गादी सासूबाईंच्या खोलीत घातली. सात दिवस गोळ्यांनी तोंड कडू झालं होतं, पत्रा चाटल्यासारखं. आठव्या दिवशी खाज गेली. वासही गेला.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. "स्वच्छ आहे सगळं," डॉक्टरीणबाई खुशीत म्हणाल्या. "आता काळजी नको."

"बरं," ती म्हणाली आणि पर्स उचलली.

नवरा बाहेर बाकावर थांबला होता. ह्या खेपेला आपणहून आला होता. रस्त्याला लागल्यावर म्हणाला, "आता येशील ना आपल्या खोलीत?"

ती थांबली. खूप शोधलं तिनं स्वतःमध्ये. राग असता तर भांडली असती, माया असती तर हो म्हणाली असती. "माहीत नाही," ती म्हणाली. "आत्ता काहीच वाटत नाही मला."

"मग कधी?"

"तेही माहीत नाही."

तो तिथेच उभा राहिला. तिला दुकानात चार जोड काचा द्यायच्या होत्या, ती पुढे निघाली. रविवारी तिनं आणि सासूबाईंनी मिळून तिचं कपाट सासूबाईंच्या खोलीत सरकवलं. कपाट जड होतं. दाराशी अडकलं, तेव्हा नवरा आला आणि त्यानं मागून हात लावला.