वरचे चौदा रुपये

उमेंद्रने तूरडाळ काट्यावर ओतली आणि आकडा स्थिर होण्याआधीच सवयीने चिमूटभर काढून घेतली.

"पुढे?"

"सोयाबीन तेल, तीन लिटर," गुंजन हातातला कागद वाचत म्हणाली.

गुंजन त्याचीच मुलगी, तेरा वर्षांची. तिच्यामागे तिची आई दुर्गेश्वरी रिकामी थैली धरून उभी. वेगळं झाल्यापासून आठ वर्षांत दोघी पहिल्यांदाच या दुकानाची पायरी चढल्या होत्या, आणि त्याही गोरेगावच्या बाजाराच्या दिवशी, भर गर्दीत. भांडायला आल्या, असं वाटून उमेंद्रने आधी गल्ल्याला कुलूप लावलं होतं. पण दुर्गेश्वरी एवढंच म्हणाली होती, "सामान पाहिजे, सेठ."

गाव त्याला सेठच म्हणायचं. तिच्या तोंडून मात्र तो शब्द खड्यासारखा लागला.

"पोट्टी तुमच्यावरच गेली जी," मिठाच्या पोत्यावर बसलेला मुन्नालाल म्हणाला. तो बिडीचा कट्टा घ्यायला आला होता, पण तमाशा दिसला की त्याला घाई नसायची. "नाक पाहा. फक्त हिशोब आईचा निघू नये म्हणजे झालं."

दोनचार गिऱ्हाइकं हसली. उमेंद्रही हसला.

"दुधात टाकायची चॉकलेट पावडर, लहान डबा," गुंजनने वाचलं.

"हे कोण पिते आता?"

"कोणी नाही," दुर्गेश्वरी म्हणाली. "यादीत आहे."

सामान काढून झालं. बेरीज करायला उमेंद्रने कागद मागितला. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला तो पिवळा कागद हातात आला आणि त्याचा अंगठा वरच्या छापील नावावरच थांबला. त्याच्याच दुकानाचं बिल. अक्षर त्याचं, भावही त्याचेच. खाली एकूण: दोन हजार नऊशे शहाऐंशी.

वेगळं होताना केशोराव गुरुजींच्या ओसरीवर पंच बसले होते. पोरीला महिन्याचे किती, यावर सगळे घुटमळत असताना उमेंद्रने खिशातून हे बिल काढलं होतं. मायलेकींचा एका महिन्याचा किराणा, पक्का हिशोब. "तीन हजार लिहा," तो म्हणाला होता. "वरचे चौदा रुपये माझ्याकडून." पंच खूश झाले. स्टॅम्पपेपरवर 'बिलाप्रमाणे' असं लिहिलं आणि बिल तिच्या हवाली केलं. त्या चौदा रुपयांची गोष्ट उमेंद्रने पुढे आठ वर्षं गोरेगावभर सांगितली. पैसेही कधी चुकवले नाहीत. दर पहिल्या तारखेला दहाच्या आत. एक दिवस उशीर नाही, एक रुपया जास्त नाही. त्याच आठ वर्षांत दुकानाच्या दारातली भावाची पाटी इतक्यांदा पुसली गेली होती, की तिचा काळा रंग उडाला होता.

"आजचा भाव लावा," दुर्गेश्वरी म्हणाली. "मी घासाघीस नाही करून राहिली."

त्याने बेरीज केली, मग पुन्हा केली. काउंटरपलीकडून गुंजनने कॅल्क्युलेटर उलटा वाचला.

"पाच हजार तीनशे बेचाळीस."

मुन्नालालने हळूच शीळ घातली. दुर्गेश्वरीने मोबाईल क्यूआर कोडसमोर धरला आणि काउंटरवरचा पेमेंटचा डब्बा सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडला, "तीन हजार रुपये प्राप्त हुए."

सकाळी त्यानेच तिला पाठवलेले.

"यात जेवढं बसते तेवढं ठेवा," दुर्गेश्वरी म्हणाली.

गुंजनला कोणी काही सांगितलं नाही. तिचा हात आपोआप सामानाकडे गेला. आधी चॉकलेटचा डबा बाजूला. मग तेलाच्या दोन पिशव्या. मग साबणाची एक वडी ठेवून बाकीच्या. "साखर अर्धी करा," ती म्हणाली. काय आधी जातं आणि काय मागून, हे तिला पाढ्यासारखं पाठ होतं. मध्येच तिची नजर वरच्या फळीवर गेली, सॅनिटरी पॅडच्या पुड्यांवर, आणि लगेच खाली आली. पाच वर्षांच्या पोरीच्या यादीत ते नव्हतंच.

"आधी काऊन नाही सांगितलं?" उमेंद्रने दबक्या आवाजात विचारलं.

"कायले सांगू? भाव तर तुमीच लिहिता रोज." तिचाही आवाज खालीच होता. "कोर्टात जाईन म्हटलं, तर वकील पाच हजार सांगते. ते बी हिच्याच तोंडातून काढा लागन."

उमेंद्रने साखर पुन्हा पूर्ण केली. बाजूला काढलेली एकेक वस्तू थैलीत भरली. मग वरच्या फळीवरून दोन पुडे काढले, सगळ्यांना देतो तसे वर्तमानपत्रात गुंडाळले, दोरा बांधला आणि थैलीत खाली सरकवले. बिलात शेवटची ओळ वाढली. नाव लिहिलं नाही, नुसता भाव लिहिला.

"घेऊन जा सगळं."

"खैरात नको मले. लिहून द्या."

त्याने जुन्या बिलावर, जुन्या बेरजेखाली, नवी बेरीज लिहिली. तारीख टाकली. पेन टेकवून थांबला, आणि मग लिहिलं, 'महिन्याचे पैसे दरवर्षी याच यादीने, त्या वर्षीच्या भावाने.' सही केली.

दुर्गेश्वरीने ते शांतपणे वाचलं, घडी घातली. मायलेकींनी थैलीचा एकेक बंद धरला. पायरी उतरताना गुंजनने मागे पाहिलं नाही.

दुकान पुन्हा बोलू लागलं. कोणीतरी पोह्यांचा भाव विचारला. उमेंद्र सांगणार, एवढ्यात डब्बा ओरडला.

"चौदह रुपये प्राप्त हुए."

"चौदा रुपयात कोणं काय घेतलं जी..." म्हणता म्हणता मुन्नालालची नजर मायलेकी उतरल्या त्या पायरीवर गेली आणि तो थांबला. ती गोष्ट त्यानेही कितीदा ऐकली होती, याच पोत्यावर बसून. तो उठला. खिसे चाचपले.

"बिडीचा कट्टा द्या सेठ," तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "किती झाले?"

उमेंद्रने कट्टा पुढे केला. भाव सांगायला मात्र त्याचं तोंड उघडेना.