माऊस बदलायचा की माणूस?

नारिन या डोंगराळ भागातल्या गावी एका दवाखान्यात हल्ली सकाळी आठला रांग लागायची आणि साडेआठला भांडण. एकाच रुग्णाची दोनदा नोंद व्हायची, मागच्याची वेळ हुकायची, आणि डोंगरातल्या गावांहून पहाटेच निघालेली माणसं नोंदणीच्या खिडकीशी हमरीतुमरीवर यायची. खिडकीत बसायच्या बुर्माकान एजे, वय अठ्ठावन्न. सगळेच त्यांना एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. पण अलीकडे त्या हाकेत मान कमी आणि कीव जास्त असायची. म्हातारीचा हात थरथरतो, असं जो तो म्हणू लागला होता.

नोंदणी विभागाची प्रमुख नुरिला हिनेही तेच धरून चालून एजेंना येणाऱ्या लोकांचे थंडीचे कोट सांभाळायच्या खोलीत बसवायचं ठरवलं. सोमवारपासून का, एवढंच एजेंनी विचारलं.

त्याच दुपारी एजे जेवायला गेल्या तेव्हा नुरिला स्वतः खिडकीत बसली. तिने एकदा माऊसचं बटण दाबलं. पडद्यावर दोन नोंदी. जपून दाबलं, पुन्हा दोन. ती चपापली. तिचा हात तर चांगला चौतिशीचा! तिने तो माऊस शेजारच्या संगणकाला लावून पाहिला, तर खोड तिथेही हजर. एजेंच्या संगणकाला दुसरा माऊस लावला, तर सगळं सुरळीत.

ती तडक बाजारात तुर्दुबेक या दुरुस्तीवाल्याकडे गेली. नवाच घ्यावा का, असं तिने विचारलं. त्याने माऊस उघडून भिंग तिच्या हाती दिलं. बटणाखाली तांदळाच्या दाण्याएवढी तांब्याची पाती होती, झिजून ढिली पडलेली, एका दाबात दोनदा टेकणारी.

"नऊ वर्षं रोज चाललाय म्हणता? मग पन्नासेक लाख वेळा तरी वाकली असेल ही," तो म्हणाला. "बटण बदलून देतो, अजून चालेल. नवा घेतलात तर हाताला बसेल असा घ्या. पण ताई, एक सांगू? माझ्याकडे येणारा प्रत्येकजण आधी माणसाला बोल लावतो, मगच माऊस आणतो."

नुरिलाने तो उलटसुलट करून पाहिला. माऊसवर बोटाच्या जागी गुळगुळीत खळगा पडला होता. पन्नास लाख! त्यात कुणाच्या बाळाची लस होती, कुणाच्या आईचा एक्स-रे. अर्ध्या गावाचं दुखणंखुपणं त्या एका बोटाखालून गेलं होतं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहावं, तसं तिला झालं.

परत येऊन ती रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाली, "एजे, चूक माऊसची होती, आणि त्याहून मोठी माझी. मला माफ करा. ही खिडकी तुमचीच आहे."

एजेंनी आपला हात उलटा करून पाहिला.

"अगं, मलाही खरंच वाटायला लागलं होतं," त्या हळूच म्हणाल्या. "घरी चहा ओततानासुद्धा मी या हातावर डोळा ठेवून असायचे."

वाचकहो, हत्यार झिजलं की आपण हाताला नावं ठेवतो, आणि तो हात वयस्क असला तर साधी चौकशीही करत नाही. बदलायचा होता माऊस, नुरिला निघाली होती माणूस बदलायला. कुणाला म्हातारं ठरवण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसून पाहावं.