कीबोर्डावरच्या अक्षता

हिरामण भोयेला प्राचार्यांनी दोन गोष्टी सांगितल्या, आणि त्याही अगदी मायेने. एक, पाच वाजायच्या आत कॉम्प्युटर फॉरमॅट कर, आतलं सगळं पुसून कोरं कर. दोन, या कागदावर सही कर. कागदावर टाईप करून तयारच होतं: 'गुणवत्ता यादीत माझ्या हातून फेरफार झाला.'

"पोलिसांत काही जाणार नाही. तुला वाचनालयात बसवू. घरातली भानगड घरातच मिटलेली बरी," असं म्हणत सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. जाताना जाळीचं दार ओढून घेतलं आणि शिपायाला बाहेर स्टूल टाकून बसवलं. तेव्हा तीन वाजले होते.

भानगड अशी. नाशकातल्या या खाजगी नर्सिंग शाळेची प्रवेशयादी हिरामणच्या मशीनमध्ये असायची. यंदा, दोन हजार पाच साली, दसरा झाल्यावर यादी भिंतीवर लागली आणि हरसूलचा एक बाप लेकीची मार्कशीट घेऊन दारात उभा राहिला. शोधलं तर चार मुलींचे गुण फुगवलेले आणि चार हक्काच्या मुली बाहेर फेकलेल्या. फुगवणारा मशीनमध्ये शिरला होता हिरामणच्याच पासवर्डने. त्यात फुगलेल्या चौघींतली एक भोये, सुरगाण्याची. "तुमच्यातलीच ना?" सरांनी विचारलं होतं. सुरगाण्यात दगड भिरकावला तर तो कुठल्या तरी भोयेच्याच अंगणात पडतो, हे नाशकात कुणाला पटवायचं?

पासवर्डाची तर हौसच होती. हिरामणच्या पाड्याचं नाव, तोच पासवर्ड. कुणाला यादी हवी असली की पलीकडच्या टेबलावरून हाक यायची, "हिरामण, काय रे तुझं ते?" आणि हा भोळा सांब जागेवरूनच ओरडून सांगायचा. त्याच्या पाड्यावर दारांना कुलपं नव्हती, त्याचा हा प्रताप.

आता तो खुर्चीत बसून कागदाकडे बघत राहिला. सही करावी तर जन्माचा चोर. न करावी तर ज्यांनी नोकरी दिली त्यांच्यावरच उलटलेला. त्याचा बाप आठवड्याच्या बाजारात सगळ्यांना सांगायचा, पोरगं पंख्याखाली खुर्चीवर बसतं. तीच खुर्ची त्याला टोचायला लागली.

कॉम्प्युटर क्लासच्या संध्या मॅडम त्याला आठवल्या. एकदा त्यांनी सांगितलं होतं, "चोरी झालेल्या घरात आधी झाडू मारायचा नाही. नेटवर्कची तार काढा, मशीन जसंच्या तसं ठेवा, दिसेल ते वेळेसकट लिहून घ्या, साक्षीला माणूस घ्या आणि तक्रार करा. आता त्याला कायदा आहे." तेव्हा सगळा वर्ग हसला होता. नाशकात कोण येतंय कॉम्प्युटर फोडायला!

हिरामणने तार उपसली. मशीन स्वतःची एक नोंद ठेवतं, कोण कधी कुठून आत आलं त्याची. ती त्याने उघडली. प्रिंटर सुरू केला तर त्याची करकर सरांच्या केबिनपर्यंत जाईल, म्हणून हातानेच उतरवायला घेतली. एका ओळीशी पेन थांबलं.

अकरा ऑक्टोबर, दुपारी बारा वीस. नाव: हिरामण. कुठून: केबिन.

केबिनमधला कॉम्प्युटर तारेने याच मशीनला जोडलेला. त्या केबिनची किल्ली एकच, आणि ती सरांच्या खिशात.

खरं तर त्याला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण आता सांगायचं कुणाला? ज्याच्याकडे गाऱ्हाणं न्यायचं तोच हा! आणि अकरा तारीख म्हणजे खंडेनवमी. पूजा आटोपून पेढा खाऊन तो सकाळी अकरा वाजताच निघाला होता. बारा वीसला तो पेठ नाक्यावर सुरगाण्याच्या जीपमध्ये, चौघांच्या सीटवर सहावा म्हणून अडकून बसलेला होता. जीपला तिकीट नसतं. पुरावा काय दाखवणार?

साडेचारला कलाबाई झाडायला आली. हिरामणने हळू आवाजात तिला सगळं सांगितलं, आणि पूजेच्या दिवसाचंही विचारलं. तिने झाडू छातीशी धरला.

"मला नको गोवू रे बाबा. रोजंदारीवर हाय मी. सर म्हनले उद्या येऊ नको, की संपलं."

तिचं खोटं नव्हतं. ती अर्धवटच झाडून निघून गेली, आणि खोली पहिल्यापेक्षा लहान झाली.

पाचला सर आले. "झालं?"

"नाही सर. तार काढलीय फक्त. मी पोलिसांत तक्रार देतोय."

सरांनी त्याने उतरवलेली नोंद वाचली आणि ते चक्क हसले. "केबिन! अरे, तू इथंच बसून गुण बदललेस आणि वर नोंदीत माझी केबिन घुसवलीस, असंच म्हणतील लोक. नवमीला या कीबोर्डाला कुणी हात लावला नाही, हे सांगणार कोण?"

"मी सांगन."

जाळीपाशी कलाबाई उभी होती.

"पूजा झाली तवा मशीन चालूच व्हतं. कीबोर्डावर अक्षता, कुंकू, झेंडूची फुलं. तुमीच म्हनले सर, 'कलाबाई, दसरा होईस्तोवर कुनी हात लावायचा नाय.' नाय लावला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी मीच उचललं समदं. एक दाना हालला नव्हता."

सरांचा आवाज पुन्हा मऊ झाला. "कलाबाई, विचार करून बोल."

"साडेचारपासून तेच करते, सर." ती हिरामणकडे वळली. "लिही माझं नाव. उद्या कामावर घेत्यात का नाय, ते उद्या बघू."

हिरामणने पेन टेकवलं आणि थांबला. अख्ख्या ऑफिसला त्याचा पासवर्ड पाठ होता, आणि रोज या खोल्या झाडणाऱ्या बाईचं पुरं नाव त्यालाही माहीत नव्हतं. त्याला लाज वाटली.

"मावशी, आडनाव काय तुमचं?"

"वाघ," ती म्हणाली. "कलाबाई भिकन वाघ."