फोटोपुरती दाढी

माझा नवरा क्लिओफस बॅटिस्ट दोन युद्धांवर जाऊन आला, पण त्या वर्षी एका फोटोला तो असा घाबरला की मला त्याचा रागही यायचा आणि कीवही.

अमेरिकेच्या सैन्यात कपात सुरू झाली होती. युद्धं आटोपत आली, आता एवढी माणसं कशाला पोसायची, असं वरच्यांचं म्हणणं. क्लिओ सार्जंट होता. नोकरीची सतरा वर्षं झालेली. वीस भरली की पेन्शन, आणि त्याआधी काढलं तर ती कायमची गेली. कोणाला ठेवायचं ते दूर कुठेतरी बसलेलं बोर्ड ठरवायचं. बोर्ड माणसाला समोर बोलावत नाही. फाइल उघडतं, फोटो बघतं, पुढची फाइल घेतं.

आणि क्लिओच्या फोटोत दाढी येणार होती. दाढी कसली, नुसते खुंट. आमच्या काळ्या पुरुषांत कितीतरी जणांचे केस इतके कुरळे असतात की ब्लेड लावलं की टोक वळून परत कातडीत घुसतं. मग पुळ्या, पू, रक्त. म्हणून छावणीतल्या डॉक्टरने त्याला चिठ्ठी दिली होती : ब्लेड लावायचं नाही, पाव इंचापर्यंत केस चालतील, पण त्यांना आकार द्यायचा नाही. म्हणजे बुटांच्या नाड्यांनासुद्धा इस्त्री करायला निघालेल्या माझ्या नवऱ्याने तोंडाने मात्र गबाळं राहायचं, तेही नियमाने! ती चिठ्ठी तो सतत खिशात बाळगायचा, कारण नवा कुणी साहेब दिसला की पहिला प्रश्न तोच.

एका सोमवारी तो घरी आला आणि जेवेना. लुइझियानाचा माणूस सोमवारचे लाल बीन्स आणि भात सोडतो म्हणजे काहीतरी बिनसलंय हे मला कळलं.

"आमचे वरचे, सार्जंट मेजर, म्हणाले, फोटोत दाढी दिसते, चिठ्ठी दिसत नाही," तो म्हणाला.

"फाइलमध्ये असेल ना चिठ्ठी?"

"असेल. पण फाइल उघडल्यावर आधी काय दिसतं, रेनिटा?"

शेजारचा लुशस पेटवे तेव्हा ओट्यावरच बसला होता. तोही सार्जंट, त्यालाही तसलीच चिठ्ठी. फोटोही दोघांचे एकाच आठवड्यात.

"मी तर बाबा असाच जाणार," लुशस गाल खाजवत म्हणाला. "देवाने दिलेलं तोंड आहे. वहिनी, ह्याचा भात इकडे द्या, वाया नको जायला."

"तुझं काय जातंय? तुला ना बायको ना पोरं," क्लिओ खेकसला.

"म्हणून काय मला पेन्शन नको? अरे, आजारी माणसाला दाढीवरून काढतील?"

"आजारी माणसालाच आधी काढतात," क्लिओ म्हणाला. लुशसने भात संपवला.

फोटोच्या दिवशी सकाळी न्हाणीघरात नळ वाहत राहिला तेव्हाच मला शंका आली. दार ढकललं तर क्लिओ अर्धा गाल साफ करून उभा. फेसात लाल ओघळ.

"वेड लागलंय का तुला?"

"आजचा दिवस. फक्त फोटोपुरती."

"आणि पुळ्या आल्या की?"

"त्या उद्या येतील. फोटो आज आहे."

हिशेब बरोबर होता, पण मानेवर लाल ठिपके तेव्हाच उमटले होते. मी बडबडत बडबडत बर्फ आणला, मग माझी फाउंडेशनची बाटली आणली. माझा रंग त्याच्याहून उजळ. लावली तर मान अशी दिसायला लागली जशी काही दुसऱ्याच कुणाची बसवलीय. पुसली, तर अजून लाल. शेवटी कॉफीची पूड मिसळून रंग जमवला. आम्ही दोघं हसलोही. गणवेशातल्या पुरुषाला असलं काही लावायची परवानगी नाही हेही आम्हाला ठाऊक होतं.

फोटो छान आला. चकचकीत गाल, ताठ मान. मला तो फोटो बघवेना.

घोळ पुढे झाला. फोटो काढून बाहेर पडताना दारातच सार्जंट मेजर भेटले. त्यांनी क्लिओकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खूश होऊन खांद्यावर थाप मारली.

"बघ बॅटिस्ट, होते की दाढी! मग त्या चिठ्ठीचं काय एवढं?"

"सार्जंट मेजर, आजच फक्त..."

"आज झाली ती उद्याही होईल. फोटोत एक आणि परेडला दुसराच, असं बरं दिसत नाही."

बाहेरचा माणूस म्हणेल, डॉक्टरकडे जावं, तक्रार करावी. चिठ्ठी तर अजून खिशात होती. पण माणसं काढायच्या दिवसांत तक्रार कोण करतो? चिठ्ठी त्याने परत कधी बाहेर काढली नाही. तो रोज ब्लेड लावू लागला. गळ्याखाली गाठी आल्या, उशीच्या अभ्र्यावर डाग पडायला लागले. कॉलर लागली की डोळे मिटून घ्यायचा. मी भांडले, रडले, रेझर लपवला. त्याने नवा आणला.

निकाल आला तेव्हा तो फोन कानाला लावून अंगणात उभा होता. फोन ठेवून मटकन पायरीवर बसला. मला वाटलं, गेलं सगळं.

"ठेवलंय," तो म्हणाला.

मी त्याच्या गळ्यात पडले तर तो कळवळला, तेव्हा मी खांद्याला धरलं. तेवढ्यात कुंपणावरून लुशस ओरडत आला, बियरची बाटली नाचवत, गालावरचे खुंट तसेच.

"वहिनी, मलाही ठेवलंय! फोटो बघितलात ना माझा? अस्वल दिसतोय अस्वल!"

क्लिओ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. हसला, बाटलीही घेतली, पण त्या संध्याकाळभर त्याचा हात राहून राहून स्वतःच्या मानेकडे जात होता. त्याला काय झालं असेल ते मला कळत होतं, आणि बोलायची हिंमत माझ्यात नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा नळाचा आवाज आला. मी तरातरा गेले आणि त्याच्या हातातून रेझर हिसकावला.

"आता कशाला? ठेवलं ना तुला? लुशसलाही ठेवलं, दाढीसकट!"

"ह्या वर्षी ठेवलं." आरशातून तो माझ्याकडे बघत होता. "पुढच्या वर्षी बोर्ड परत बसणार आहे, रेनिटा. त्यांच्याकडे माझा फोटो कसला आहे? गुळगुळीत गालांचा."

मी रेझर कचऱ्यात टाकणार होते. देवाशपथ टाकणार होते. पण पोरीच्या कॉलेजचं माझ्या डोक्यात आलं, या घराचं आलं, आणि उरलेली तीन वर्षं आली. त्याच्या जबड्याखाली गाठी दाट झाल्या होत्या आणि ती जागा त्याला आरशात नीट दिसतही नव्हती, म्हणून तिथेच कापत होतं.

मी रेझर कोमट पाण्याखाली धरला.

"मान वर कर," मी म्हणाले.